कठीण रानातला डेमो

ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच काचेचं दार ढकलून आत येतात. कुणी ट्रॅक्टर बघायला येतो आणि पुतणीचं लग्न ठरवून जातो. कुणी नुसता एसीत बसायला येतो आणि जाताना "मॉडेल बरं वाटलं" म्हणतो. कराडजवळ मलकापूरला हायवेवर आमचं शोरूम. संध्याकाळचा चहा आला की हे सगळं आम्ही चौघं एकमेकांना परत परत सांगतो आणि दर वेळी थोडा मीठमसाला वाढवतो.

चौघं म्हणजे वर्कशॉपचे मुल्लाचाचा, अकाउंट्सच्या सुजाता मॅडम, नवीन ट्रॅक्टर गिऱ्हाइकाच्या दारात पोचवणारे मेजर आणि सेल्सला मी, संजय. मेजर खरे हवालदार म्हणून रिटायर झाले. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो!

गेल्या वर्षापासून मात्र चहाला माझेच किस्से चालतात. म्हणजे माझ्या ट्रीटमेंटचे. ते मीच सांगितलेले बरे, कारण मेजर सांगतात तेव्हा त्यात मी बेशुद्ध पडतो. मी बेशुद्ध पडलो नव्हतो!

*

फलटणकडच्या एका कुटुंबाची डिलिव्हरी होती. आमच्याकडे ट्रॅक्टरची डिलिव्हरी म्हणजे छोटं लग्नच. हार, नारळ, पेढे, घरातली सगळी मंडळी आणि फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली. ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि मग खिशातली खरी किल्ली द्यायची.

मी पुठ्ठ्याची किल्ली पुढे केली आणि हाताला मुंग्या आल्या. छातीत असं धडधडायला लागलं की ते सगळ्यांना ऐकू जात असेल असं वाटलं. श्वास पुरेना. आता आपण संपलो, एवढंच डोक्यात. किल्ली खाली पडली आणि कुणीतरी फोटोसाठी मागे सरकला, तो नेमका तिच्यावर उभा राहिला.

मुल्लाचाचांनी मला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम छान आहे."

चाचा म्हणाले, "म्हंजे इंजन ओके. मग वायरिंगमधी शॉर्ट आसंल."

डॉक्टर हसले आणि त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

*

मनाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी झोप, भूक, काम, घर सगळं विचारलं. मी सांगितलं की जेवण मातीसारखं लागतं, सकाळी उठूच वाटत नाही आणि किल्ली नुसती हातात घेतली तरी थरथरायला होतं. त्या म्हणाल्या, "अँग्झायटी आहे आणि डिप्रेशनही आहे."

मी म्हटलं, "दोन्ही? एकात भागत नाही का?"

"बऱ्याचदा जोडीनं येतात," त्या म्हणाल्या. "औषधाचं लागलं तर बघू. आधी बोलण्याची थेरपी घ्या. तिचे प्रकार आहेत, तुम्हाला कुठला जमेल ते ठरवून सांगा."

शोरूममध्ये येऊन हे सगळ्यांना सांगितलं. मग मेजरनी चहाचा कप खाली ठेवला. "बोलायची ट्रीटमेंट? ह्येला? गड्या, हा सेल्समन हाय! दिवसभर बोलतोय म्हणून तर आमचं डोस्कं दुखतंय. ह्येला गप बसायची गोळी द्या म्हणावं!"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, मला स्वतःलाही तोच प्रश्न पडला होता. दिवसभर हॉर्सपॉवर, अवजार उचलणारी लिफ्ट आणि मायलेजवर बोलणाऱ्या माणसाला बोलायला शिकवणार तरी कोण?

*

घरी गोंधळ वेगळाच. माझी बायको वैशाली म्हणाली, "आवं, बोलूनच बरं हुणार आसंल तर मला का न्हाई सांगत?"

"काय सांगू?"

"काय हुतंय ते."

"काय न्हाई."

आमच्या भागात हे दोन शब्द पाळण्यातच शिकवतात. पाय मोडला तरी काय न्हाई, भाऊ भांडून निघून गेला तरी काय न्हाई. वैशालीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी घरात आसता, पर घरात नसता. कवा येणार हाय घरी?"

त्यावरही माझ्या तोंडून काय न्हाईच निघणार होतं. कसंबसं आवरलं. त्या दिवशी मात्र मी ठरवलं, प्रकार कुठला का असेना, थेरपी घ्यायची. नोकरी गेली असती तर दुसरी बघता आली असती. घरी परत कसं यायचं ते मात्र मला खरंच कळत नव्हतं.

*

मनाच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रकारांत पहिलं नाव होतं सीबीटी. आपल्या डोक्यात येणारे विचार पकडायचे, ते खरे आहेत का तपासायचे, टाळलेल्या गोष्टी हळूहळू परत करायला लागायचं, असं काहीतरी. मी ते सुजाता मॅडमना विचारलं, कारण आमच्यात सगळ्यात जास्त शिकलेल्या त्याच. शिवाय त्यांच्या घरात दोन भाच्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात.

त्या एकदम उभ्याच राहिल्या. "सीबीटी? अहो संजय सर, आधी नाही का सांगायचं! सेंटर कुठलं आलंय? कोल्हापूर आलं तर सकाळीच निघावं लागेल."

मी म्हटलं, "इथंच आहे की, कराडला."

"नशीब काढलंत! आणि निगेटिव्ह मार्किंग आहे का ते बघून घ्या."

भाच्यांच्या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात, त्यालाही सीबीटीच म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण मी गंभीरपणे डॉक्टरांना फोन करून विचारलं, "मॅडम, ह्यात निगेटिव्ह मार्किंग असतं का?"

त्या म्हणाल्या, "तेच तर तुम्ही स्वतःला रात्रंदिवस देताय. ते बंद करायचंय!"

मला काही समजलं नाही. पण सुजाता मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलंच नाही.

*

दुसरा प्रकार व्हिडिओवरचा. येणं-जाणं नको, रजा नको, समुपदेशक फोनवर भेटणार. मला हे एकदम पसंत पडलं. प्रश्न जागेचा. शोरूममध्ये खासगी जागा म्हणजे फक्त बाथरूम, आणि तिथं रेंज नाही.

मग मला सुचलं! शोरूमच्या मधोमध एसी केबिनवाला मोठा ट्रॅक्टर डिस्प्लेला उभा असतो. चारी बाजूंनी काच, दार लावलं की बाहेरचा आवाज कमी येतो. दुपारी गर्दी नसते. मी वर चढलो, दार ओढून घेतलं, फोन स्टेअरिंगला टेकवला आणि स्पीकर चालू केला. दार नीट बसलं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

फोनवरच्या ताईंचा आवाज छान मऊ. त्यांनी विचारलं, "झोप लागते का?"

मी तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला, "कुठली झोप बाई! पाटं पाटं डोळा लागतोय आन् म्हस वरडती!"

खाली एक पांढऱ्या मिशांचे आजोबा उभे होते. ट्रॅक्टर बघायला आले होते आणि फिरत फिरत चाकापाशी पोचले होते. फोन कलून कॅमेरा छताकडे गेला होता, त्यामुळे ताईंना वाटलं मीच बोललो. त्या म्हणाल्या, "जाग आल्यावर मनात काय विचार येतात?"

आजोबांनी डोक्यावरचा पटका मागे सारला. "म्हातारी गेल्यापासनं तसा घरात बोलायला कोन न्हाई. तेच येतंय मनात."

त्यांना थांबवावं असं मला वाटेना. ते चाकाला टेकून बराच वेळ बोलले आणि ताईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी आजोबांनी वर बघून मला विचारलं, "ही बाई सगळ्या मॉडेलला येती का फकस्त ह्येलाच?"

मी खाली उतरलो, ताईंचा नंबर आजोबांसोबत आलेल्या त्यांच्या मुलाला दिला. चाचांनी मला बजावलं, "तुझा टाइम दुसऱ्याला दिलास, आता तुझं काय?" खरं होतं. पण त्यानंतर त्या केबिनमध्ये बसलो की मला ताईंपेक्षा आजोबाच ऐकू यायचे, म्हणून व्हिडिओ राहून गेला.

*

तिसरा प्रकार ग्रुपचा. सांगलीला. तिथं बोललेलं तिथंच ठेवायचं असा नियम आहे, म्हणून मी माणसं आणि गावं सगळी बदलून सांगतो.

खुर्च्या गोल मांडलेल्या. मधे काहीच नाही, टेबलसुद्धा नाही. हात कुठं ठेवावेत तेच कळेना. तिथले सर म्हणाले, "या आठवड्यात कसं वाटलं, एकेकानं सांगूया."

पहिला म्हणाला, "काय न्हाई."

दुसरा म्हणाला, "तसं काय न्हाई."

तिसऱ्यानं नुसती मान हलवली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बरं हाय. काय न्हाई." आख्ख्या गोलात कुणालाच काही झालं नव्हतं! सर बिचारे पाणी प्यायले.

तेवढ्यात समोरच्या माणसानं मला ओळखलं. "आवं, तुमी मलकापूरच्या शोरूमचं न्हवं? माझी लिफ्ट आजून खाली बसतीया! कवापासनं कंप्लेंट दिलीया!"

झालं. दुसऱ्याचा क्लच निघाला, तिसऱ्याच्या मेव्हण्याला नवीन घ्यायचा होता. मी सगळ्यांना उत्तरं देत होतो, हात आपोआप हलायला लागले. सर हताश होऊन बघत होते. आणि मधेच तो लिफ्टवाला म्हणाला, "लिफ्ट तर दुरुस्त हुईल वो. पर मला रानात जाऊच वाटत न्हाई. बांधावर बसतो आन् परत येतो. घरात सांगतो, लिफ्ट बिघडलीया."

शेजारच्यानं खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "मी तर बांधापतूरबी जात न्हाई गड्या." त्यानंतर क्लचचं कुणी काढलं नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा हलकं वाटलं, पण मी स्वतःचं काही सांगितलं नव्हतंच. परत आल्यावर मॅनेजर साहेबांनी विचारलं, कुठं होतास? मी म्हटलं, ट्रीटमेंटला. वर तिथं निघालेल्या नवीन ट्रॅक्टरच्या एन्क्वायरीचं पण सांगितलं. ते खूश! "दर आठवड्याला जात जा. आणखी एखादा ग्रुप असेल तर तोही बघ!"

*

आता माझी पंचाईत बघा. माझ्याकडे रोज माणसं येतात आणि विचारतात, "साहेब, कुठला घेऊ?" मी डोळे झाकून सांगतो. रान कसलं आहे, जोडायचं काय आहे आणि चालवणार कोण, एवढं कळलं की संपलं. आणि माझ्या स्वतःच्या वेळी मला एक प्रकार निवडता येईना. मेजर रोज विचारायचे, "ठरलं का मॉडेल? का फौजेत सोडू तुला? सकाळी पळवलं की डिप्रेशन आपसूक सुटतंय!"

शेवटी कराडच्या अपर्णा मॅडमकडे गेलो. त्या समोरासमोर बसून थेरपी देतात. मी आधीच स्पष्ट विचारलं, "मॅडम, घेण्याआधी डेमो मिळेल का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मिळेल की. पहिल्या एक-दोन भेटी डेमोच धरा. नाही पटलं तर दुसरी पद्धत बघू, नाहीतर दुसरा माणूस. मला राग येणार नाही."

मी टार्गेटबद्दल बोललो, ट्रॅफिकबद्दल बोललो, सासऱ्यांच्या गुडघ्याबद्दलही बोललो. परत आल्यावर चाचांनी विचारलं, "कसा झाला डेमो?"

"ठीक. पण काही कळलं नाही."

चाचा पान्हा पुसत होते. "रान कसलं दिलंस?"

"म्हणजे?"

"मऊ रानात कुठलाबी ट्रॅक्टर पळतोय. आपुन गिऱ्हाइकाला काय सांगतो? ऊस गेलेलं, पाणी तुटलेलं, लय कठीण रान आसंल तिथं डेमो घ्या. आन् सोता मातर मऊत घालून आलास!"

हे मीच गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलोय. चाचांनी माझंच वाक्य मला परत केलं.

*

दुसऱ्या भेटीत मी कठीण रान दिलं.

एक तरुण गिऱ्हाईक होता. त्याची डिलिव्हरी मी केली होती, ट्रॅक्टर मेजरनी त्याच्या दारात नेऊन लावला होता. त्याच्या आईनं मला हातानं पेढा भरवला. काही महिन्यांनी बांधावरून ट्रॅक्टर उलटला आणि तो गेला. ट्रॅक्टरमध्ये दोष नव्हता, माझी चूक नव्हती, हे सगळं मला पाठ आहे. पण तो पेढा अजून माझ्या घशाखाली उतरला नाही. किल्ली कुणाच्याही हातात देताना मला त्याचा हात दिसतो.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वैशालीलाही नाही. चहाला आम्ही इतकं बोलतो, पण तिथं हा विषय कुणी कधी काढला नाही. अपर्णा मॅडमसमोर सांगितलं आणि मग खूप रडलो. त्यांनी पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला.

नाक पुसल्यावर मी म्हटलं, "मॅडम, ही नेमकी कुठली थेरपी चाललीय? सीबीटी का दुसरी?"

त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही बोलताय आणि मी ऐकतेय. बारसं नंतर करू."

पुढे त्यांनी विचार तपासायलाही शिकवलं, जुनंही काढलं, किल्ली द्यायचा सरावही करून घेतला. पण बारसं काही झालं नाही. मी कुठली थेरपी घेतली असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही! त्या दुसऱ्या भेटीच्या संध्याकाळी घरी गेल्यावर वैशालीनं विचारलं, "काय झालं आज?" आणि मी तिला सगळं सांगितलं. भाजी करपली, पण दोघंही उठलो नाही.

*

सरावाचं काम शोरूमवर आलं. रोज सकाळी सुजाता मॅडम गिऱ्हाईक व्हायच्या आणि मी त्यांना पुठ्ठ्याची किल्ली द्यायचो. त्या भूमिकेत इतक्या शिरायच्या की रोज डिस्काउंट मागायच्या. चाचा नारळ फोडल्यासारखं करायचे, तो अर्थात रोज तोच. मेजर लांब उभे राहून म्हणायचे, "चालू द्या तुमचं नाटक. आमाला कवा काय झालं न्हाई."

मग खरी डिलिव्हरी आली. पलूसकडच्या एक मावशी, ट्रॅक्टर त्यांच्या नावावर, चालवणार त्यांचा मुलगा. तो आधीच सीटवर चढून बसला होता. हार झाला, नारळ झाला. मी खरी किल्ली खिशातून काढली आणि हात थरथरायला लागला.

मावशींनी बघितलं. "काय झालं दादा?"

ते दोन शब्द जिभेवर तयार होते. सगळे कॅमेरे माझ्याकडे. मी म्हटलं, "भीती वाटती मावशी. दर किल्लीला वाटती."

त्यांनी किल्लीसकट माझा हात दोन्ही हातांत धरला. "मग सावकास द्या की. ती कुठं पळून चाललीया?" आणि मान वळवून सीटवरच्या मुलावर ओरडल्या, "ऐकलंस का रं? किल्ली देनाराला भ्या वाटतंय! बांधाकडंनं सावकास चालवायचं, सांगून ठिवते!"

फोटोत मी रडतोय, मावशी रागावल्यात आणि मुलगा घाबरलाय. तो फोटो चाचांनी वर्कशॉपमध्ये लावलाय.

*

ट्रॅक्टर पोचवायला मेजर गेले आणि त्यांना परत आणायला मी पिकअप घेऊन मागून गेलो. येताना स्टेअरिंग मेजरनी घेतलं. एरवी पलूस ते मलकापूर हा माणूस एक मिनिट गप्प बसत नाही. उसाच्या ट्रॉल्यांना शिव्या देतो, फौजेतल्या गोष्टी सांगतो, माझी टिंगल करतो. त्या दिवशी काहीच नाही. मला वाटलं, सगळ्यांसमोर रडलो म्हणून आता कायमची टिंगल होणार, त्याचीच तयारी चाललीय.

मीच विचारलं, "काय झालं मेजर?"

"काय न्हाई."

बरंच अंतर गेलं. समोर ट्रॉली होती, एरवी हॉर्न वाजवून ओव्हरटेक करणारे मेजर तिच्या मागं मागं सावकाश चालवत होते.

"संजय."

"बोला."

"त्या कराडच्या बाई डेमो देत्यात म्हनालास न्हवं?"

"देतात की."

"रान आपलंच न्यायचं?"

"आपलंच."

मेजरनी गिअर बदलला. रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"माझं लय वर्सं पडीक हाय रं."